पेशंटच्या पोटात गेलं किती?

सध्या चार आहारतज्ज्ञ एकत्र आल्या की विषय ठरलेला: आपल्यालाही डॉक्टरांसारखे क्रेडिट पॉइंट, म्हणजे प्रशिक्षणाच्या तासांचे गुण, सक्तीचे होणार का? 2021 साली संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि त्याच्या यादीत आहारतज्ज्ञांचं नाव आलं. नाव आलं की नोंदणी येणार, नोंदणी आली की नूतनीकरण येणार आणि नूतनीकरणाच्या मागोमाग पॉइंट येणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलंय. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या डॉक्टरांना पाच वर्षांत 30 पॉइंट गोळा करावे लागतात. तोच नमुना आपल्या गळ्यात पडणार म्हणून एक गट वैतागलाय. दुसरा गट म्हणतो, पडू दे, त्याशिवाय आपल्याला कोणी विचारणार नाही. आवाज दोन्हीकडून भरपूर आहे. पण भांडण सगळं तासांचं: माणशी किती तास, कुठल्या हॉलमध्ये, कोणाच्या सहीने. वीस वर्षं हे काम केल्यावर मला हा वाद ऐकताना वाटतं की आपण स्वयंपाकघरात बसून भांड्यांची मोजदाद करतोय. बाहेर पान वाढलंय का, हे बघायला कोणी उठत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. प्रशिक्षण सक्तीचं असावं. पण एकट्या आहारतज्ज्ञाचं, एकट्या डॉक्टरचं, एकट्या सिस्टरचं प्रशिक्षण करून फार काही हाती लागत नाही. ज्या पाच-सहा जणांच्या हातांतून आजारी माणसाचं अन्न जातं, त्यांना एकत्र बसवून, त्यांच्याच वॉर्डातल्या फायली समोर ठेवून ते व्हायला हवं. आणि ते झालं की नाही, हे भिंतीवरच्या प्रमाणपत्रावरून ठरू नये. लिहून दिलेल्या आहारापैकी पेशंटच्या पोटात प्रत्यक्ष किती गेलं, या एका आकड्यावरून ठरावं.

हा आकडा का, ते एका दिवसाच्या हिशेबातून सांगते. आयसीयूतल्या एका आजोबांना नाकातल्या नळीतून, आमच्या भाषेत आरटीतून, दर दोन तासांनी 200 मिली फीड लिहिलंय. सकाळी 6 ते रात्री 10, नऊ वेळा, 1800 मिली. मिलीला एक कॅलरी धरली तर 1800 कॅलरी. कागद सुंदर दिसतो. आता दिवस बघा. आठचं फीड सीटी स्कॅनला नेलं म्हणून राहिलं. बाराच्या आधी सिस्टरने पोटात आधीचं किती उरलंय ते नळीतून ओढून बघितलं, 150 मिली परत आलं, तिने फीड थांबवलं. तिला नर्सिंगला तसंच शिकवलं होतं. चारचं फिजिओथेरपीत राहिलं. रात्री भूलतज्ज्ञ येऊन ‘उद्या ट्रेकिऑस्टॉमी, एनबीएम’ लिहून गेले, म्हणजे उद्या श्वासासाठी गळ्याला छेद, तोवर पोटात काही द्यायचं नाही; त्यामुळे दहाचंही राहिलं. शिवाय किचनमधून आलेलं फीड घट्ट होतं, नळीतून उतरेना, म्हणून मावशींनी त्यात पाणी घातलं. दिवसअखेर पोटात गेलं 1000 मिली, तेही पाणी घातलेलं. फाइलमध्ये मात्र 1800च राहिलं, कारण डाएट शीटवर लिहिलेलं असतं ते ‘दिलं’ असं धरलं जातं. यात चुकलं कोण? स्कॅन करायलाच हवा होता. एनबीएम भूल देताना पोटातलं श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून. मावशींनी नळी तुंबून बदलावी लागू नये म्हणून पाणी घातलं. आणि मी माझं गणित अचूक केलं होतं. यातल्या प्रत्येकाला वर्षाला वीस तासांचं वेगवेगळं प्रशिक्षण दिलं तरी आजोबांच्या पोटात 1000च जाणार आहे.

1994 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एक इशारा दिला होता. शिरेतून पोषण देण्याच्या पिशवीत, ज्याला आपण टीपीएन म्हणतो, कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे खडे तयार होऊन दोन रुग्ण दगावले होते. कॅल्शियमचं प्रमाण चुकलेलं नसतानाही हे होऊ शकतं, फॉस्फेटचं चुकलेलं नसतानाही होऊ शकतं. किती सौम्य द्रावणात, कुठल्या क्रमाने, कुठल्या तापमानाला ते एकत्र येतात यावर खडे धरतात की नाही ते ठरतं. वरून पांढऱ्या स्निग्ध द्रावाची पिशवी असली तर खडे दिसतही नाहीत. ऑर्डर लिहिणाऱ्या डॉक्टरला विद्राव्यता माहीत नसते, फार्मासिस्टला ती माहीत असते पण पेशंट माहीत नसतो, सिस्टरच्या हातात तयार पिशवी येते. मला हे उदाहरण रसायनशास्त्रापेक्षा माणसांसाठी जास्त लागू वाटतं. आपल्या व्यवसायातल्या बहुतेक चुका अशाच सांध्यात धरतात, आणि आपलं सगळं प्रशिक्षण मात्र सुट्या घटकांचं आहे. डॉक्टरांची परिषद वेगळी, नर्सिंगचे तास वेगळे, फार्मासिस्टांचे रिफ्रेशर वेगळे, आमचे वेबिनार वेगळे.

आता विरोधकांकडे वळते, कारण त्यांची बाजू पोकळ नाही. त्यांचा सगळ्यात जोरदार मुद्दा मनुष्यबळाचा. ते विचारतात, टीम आहे कुठे? कित्येक सरकारी रुग्णालयांत शेकडो खाटांमागे एक आहारतज्ज्ञ, तिचा अर्धा दिवस किचनच्या दूध-अंड्यांच्या हिशेबात जातो. क्लिनिकल फार्मासिस्ट नावाचं पद बहुतेक ठिकाणी कागदावरही नाही. रात्रपाळीला एका सिस्टरकडे तीस-चाळीस पेशंट. अशा ठिकाणी ‘टीमचं प्रशिक्षण’ म्हणजे उपाशी माणसाला पंक्तीचे शिष्टाचार शिकवण्यासारखं आहे, आधी पदं भरा, मग बोला. हे मला मान्य आहे, आणि पदं भरण्याची मागणी कोणी सोडावी असं मी म्हणणार नाही. पण या युक्तिवादात एक गृहीतक लपलंय: टीम म्हणजे चार पदव्या. वरच्या दिवसात फीड कोणाच्या हातांतून गेलं ते पुन्हा बघा. सिस्टर आहे, रेसिडेंट आहे, मावशी आहेत, किचनचा महाराज आहे, आणि आपल्याकडे तर पेशंटची सून आहे, जी घरून डब्यात पेज घेऊन येते. टीम आजही आहे. तिला कोणी टीम म्हणत नाही, एवढंच. माणसं कमी असतात तेव्हा प्रत्येकाच्या हातून जाणारं काम वाढतं, आणि सांधेही वाढतात. कमी माणसांच्या वॉर्डाला एकत्र प्रशिक्षणाची गरज जास्त असते ती यामुळे.

दुसरा मुद्दा अधिक टोकदार, आणि तो बहुधा हुशार डॉक्टर मांडतात. हे शास्त्रच स्थिर नाही, मग शिकवणार काय? अतिदक्षता विभागातल्या रुग्णांना ग्लुटामिन हे अमिनो आम्ल द्यावं असं आम्ही वर्षानुवर्षं ऐकलं, मार्गदर्शक तत्त्वांत वाचलं, पावडरींच्या डब्यांवर पाहिलं. 2013 साली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली आणि अनेक अवयव निकामी झालेल्या रुग्णांमध्ये ग्लुटामिनने मृत्यू वाढल्याचं दिसलं. टीपीएन लवकर सुरू करा म्हणत होतो. 2011 साली बेल्जियममधल्या 4640 रुग्णांच्या अभ्यासात आठवडाभर थांबलेल्यांची प्रकृती लवकर सुधारली. जास्त प्रथिनं म्हणजे चांगलं, असं वाटत होतं. 2023च्या चाचणीत फायदा दिसला नाही, आणि मूत्रपिंडाला इजा झालेल्यांना उलट अपाय होण्याची शक्यता दिसली. मग विरोधक म्हणतात, काल शिकवलेलं आज चुकीचं ठरत असेल तर सक्तीने शिकवणं म्हणजे कालची चूक सक्तीची करणं.

पण हा युक्तिवाद शेवटपर्यंत नेला तर कुठे पोहोचतो? जे कधीच शिकले नाहीत ते नवीन चुकीपासून वाचतात, पण जुन्या चुकीत कायमचे राहतात. नळी जठरात आहे की नाही हे बघायला सिरिंजने हवा मारायची आणि पोटावर स्टेथोस्कोप ठेवून आवाज ऐकायचा, ही पद्धत आपल्या वॉर्डांत आजही रोज चालते. नळी फुप्फुसात असतानाही तसा आवाज येऊ शकतो. इंग्लंडमध्ये 2005 साली रुग्णसुरक्षेच्या यंत्रणेने ही पद्धत वापरू नका असं स्पष्ट सांगितलं आणि ओढलेल्या द्रवाचा पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा, 5.5 किंवा त्याहून कमी आहे का ते पट्टीने बघा म्हटलं. शंका असेल तर एक्स-रे. पट्टी महाग नाही. तसंच वरच्या आजोबांचं 150 मिली. 2013 साली फ्रान्समधल्या 449 रुग्णांच्या अभ्यासात नळीतून ओढून मोजण्याचं बंदच केलं, तरी न्युमोनिया वाढला नाही. अमेरिकेतल्या पोषणतज्ज्ञांच्या 2016च्या मार्गदर्शनात 500 मिलीच्या आत असेल आणि दुसरं काही लक्षण नसेल तर फीड थांबवू नका असं आहे. ज्या सिस्टरने 150वर फीड थांबवलं ती वीस वर्षांपूर्वीचं पुस्तक प्रामाणिकपणे पाळत होती. शास्त्र बदलतं म्हणून शिकणं थांबवायचं, की शास्त्र बदलतं म्हणूनच शिकत राहायचं? आणि मला खरं तर तिसरी गोष्ट महत्त्वाची वाटते: बदललेली गोष्ट डॉक्टरला कळली आणि सिस्टरला नाही, तर वॉर्डात तिचा अर्थ शून्य. फीड थांबवण्याचा निर्णय रात्री 2 वाजता सिस्टर घेते.

इथे मला आपल्याच मुलखातली एक जुनी गोष्ट आठवते. 1876 ते 78चा दुष्काळ, दख्खनचा. सर रिचर्ड टेंपल या ब्रिटिश अधिकाऱ्याने आधी 1874च्या बिहारच्या टंचाईत ब्रह्मदेशातून तांदूळ आणून सढळ हाताने खर्च केला होता आणि त्याबद्दल सरकारकडून बोलणी खाल्ली होती. या वेळी त्यांनी हात आखडला. 1877च्या जानेवारीत दुष्काळी कामावर राबणाऱ्या पुरुषाला दिवसाला एक पौंड, म्हणजे साधारण 450 ग्रॅम धान्य आणि वर एक आणा, असं ठरलं. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामावर जायचंच नाकारलं. पुण्याची सार्वजनिक सभा, गणेश वासुदेव जोशी आणि त्यांचे सहकारी, गावोगावची माहिती जमवून सरकारला अर्जांवर अर्ज पाठवत होते. तिकडे मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश सांगत होते की दीड पौंड धान्य तरी हवं, शिवाय भाजी आणि डाळ हवी. मद्रासने मार्चमध्ये निम्मी वाट चालून 570 ग्रॅम धान्य आणि थोडी डाळ दिली. टेंपल यांच्याकडे हिशेबाची वही होती. कॉर्निश अंगावर मांस उरलंय का ते बघत होते. दोघेही आकडेच मांडत होते, म्हणून हा आकड्यांविरुद्ध भावनेचा वाद समजू नये. प्रश्न एवढाच होता की मोजायचं काय: देणाऱ्याने दिलेलं, की घेणाऱ्याच्या शरीरात पोचलेलं? क्रेडिट पॉइंट हे टेंपल यांच्या वहीचे वंशज आहेत. किती तास वाटले ते त्यात अचूक लिहिलेलं असतं.

माणसाला समोर न बघता अन्न ठरवलं की काय होतं, त्याचं आणखी एक उदाहरण बंगालशी जोडलेलं आहे. 1943च्या बंगालच्या दुष्काळात दुधाची भुकटी, साखर, पीठ यांचं एक मिश्रण उपाशी लोकांसाठी वापरलं गेलं. एप्रिल 1945 मध्ये ब्रिटिश फौजेने बेर्गेन-बेल्सेनची छावणी सोडवली. आधी सैनिकांच्या डब्यांतलं मांस आणि चरबी दिली, ती पचली नाही आणि लोक दगावले. मग ते बंगालचं मिश्रण आणलं. पूर्व युरोपातल्या त्या लोकांना ते इतकं गोड लागलं की कित्येकांनी तोंड फिरवलं. शिरेतून प्रथिनं द्यायला सुया काढल्या तर रुग्ण किंचाळू लागले, कारण छावण्यांत सुईने लोक मारल्याचं त्यांनी पाहिलं होतं. डॉक्टर हुशार होते, मिश्रण विचारपूर्वक केलेलं होतं. पेशंटशी बोलायचं काम मात्र कोणाच्याच वाट्याला दिलेलं नव्हतं.

त्या छावण्यांतून आणि दुसऱ्या महायुद्धातल्या उपाशी युद्धकैद्यांमधून वैद्यकाला एक गोष्ट कळली, जी आजही आपल्या वॉर्डांत माणसं मारते. खूप दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपेट अन्न किंवा ग्लुकोजची बाटली दिली की इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत शिरतं आणि रक्तातली पातळी कोसळते; हृदय आणि श्वास थांबू शकतो. याला रिफीडिंग म्हणतात. इंग्लंडच्या 2006च्या मार्गदर्शनात जास्त धोक्याच्या माणसाला पहिल्या दिवशी किलोमागे 10 कॅलरींपेक्षा जास्त देऊ नका, असं आहे. हल्ली 10 ते 20 म्हणतात. 40 किलोच्या माणसाला 400 कॅलरी, म्हणजे चार-पाच फुलके. त्याआधी थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व. आता आपल्याकडचं चित्र बघा. दारूमुळे पंधरा दिवस जेवण सुटलेला मजूर रात्री कॅज्युअल्टीत येतो. पहिली बाटली ग्लुकोजची लागते, थायमिन कोणी लिहीत नाही. सकाळी सोडियम-पोटॅशियम तपासतात, त्या नेहमीच्या तपासणीत फॉस्फेट नसतंच. आहारतज्ज्ञ बाराला येते, ‘खूप अशक्त आहे, हाय कॅलरी द्या’ असं तिला सांगितलं जातं. बायको घरून शिरा करून आणते. कोणती बायको आणणार नाही? तिसऱ्या दिवशी माणूस धापा टाकू लागला की न्युमोनिया समजून अँटिबायोटिक बदलतं. या साखळीत कॅज्युअल्टीचा डॉक्टर, लॅब, आहारतज्ज्ञ आणि बायको, चौघांनाही एकाच खोलीत एकदा बसवून ही गोष्ट सांगितली तर पुढचा मजूर वाचेल. चौघांना चार ठिकाणी सांगितली तर बहुधा नाही, कारण प्रत्येकाला वाटेल की थायमिन दुसरा लिहितोय.

कुपोषित बालकांच्या बाबतीत जग हा धडा किंमत मोजून शिकलंय. तीव्र कुपोषणाने रुग्णालयात आलेल्या मुलांपैकी 20 ते 30 टक्के मुलं दगावत, आणि 1950च्या दशकापासून 1990च्या दशकापर्यंत हे प्रमाण हललं नाही, असं 1996 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात संशोधकांनी दाखवलं. मधल्या काळात ज्ञान तर वाढलं होतं. दोष त्यांनी रुग्णालयातल्या चुकीच्या हाताळणीला दिला. त्यानंतर आलेला संघटनेचा प्रशिक्षणक्रम डॉक्टर आणि सिस्टर यांना एकत्र बसवून, खऱ्या वॉर्डात, खऱ्या मुलांच्या चार्टवर घ्यायचा असा आखला गेला. मेळघाटपासून नंदुरबारपर्यंतच्या पोषण पुनर्वसन केंद्रांत आज 100 मिलीला 75 आणि 100 कॅलरींची जी दुधं टप्प्याटप्प्याने देतात, ती त्याच परंपरेतली. मुलाला दर दोन-तीन तासांनी किती दिलं, किती प्यायलं, किती ओकलं, हे तिथल्या चार्टवर लिहायची जागा असते. मोठ्या माणसाच्या डाएट शीटवर तेवढी साधी रकाना-रांगही नाही. दोन वर्षांच्या पोरासाठी जे आपल्याला सुचलं ते सत्तर वर्षांच्या आजोबांसाठी का सुचू नये?

तिसरा मुद्दा सक्तीचा धंदा होतो, हा. इथे मी विरोधकांच्या बरोबरीने उभी आहे. सक्ती आली की प्रमाणपत्रांचं दुकान उघडतं, हे डॉक्टरांच्या पॉइंटांत आपण बघितलंय: सकाळी सही, दुपारी बुफे, संध्याकाळी बॅग. आणि दुकानाचं भाडं कोण भरतं? पोषणाच्या क्षेत्रात बऱ्याचदा पावडरीच्या आणि पिशव्यांच्या कंपन्या. बाळांच्या दुधाबाबत आपल्या देशाने ही वाट बंद केलीय. 1992चा कायदा आणि त्याची 2003ची दुरुस्ती यांनुसार बाळदूध विकणाऱ्या कंपनीला आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सेमिनारला, परिषदेला, अभ्यासक्रमाला पैसे देता येत नाहीत. कारण सरळ होतं: जो डबा विकतो त्याने आईला आणि सिस्टरला शिकवू नये. मग मोठ्यांच्या डब्याला हा न्याय का नाही? कंपनीचे पैसे बंद केले तर तालुक्याच्या ठिकाणी एकही कार्यक्रम होणार नाही, असं उत्तर येतं. हॉटेलातला होणार नाही, हे खरं. पण मी मागते आहे त्या प्रशिक्षणाला हॉटेल लागत नाही. वॉर्डाच्या ड्युटी रूममध्ये आठवड्यातून पाऊण तास, चहा आणि तीन फायली लागतात. त्यात विकण्यासारखं काही नाही, हीच त्यातली सोय.

एक प्रामाणिक शंका उरते: टीमने फरक पडतो याचा पुरावा काय? परदेशातले आकडे आपल्याकडे जसेच्या तसे चिकटत नाहीत, हे मान्य करून दोन गोष्टी सांगते. स्वित्झर्लंडमधल्या आठ रुग्णालयांत 2088 रुग्णांवर झालेल्या आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्यांचं पोषणाचं उद्दिष्ट आहारतज्ज्ञांनी व्यक्तिगत ठरवून ते गाठलं जातंय का हे वरचेवर पाहिलं, त्यांच्यात 30 दिवसांत 7 टक्के दगावले. नेहमीचं जेवण मिळालेल्यांत 10 टक्के. त्यांनी वापरलेल्या वस्तूंत चमत्कार काही नव्हता, पाठपुरावा होता. उलट बाजूने, 2010 साली ब्रिटनमधल्या टीपीएनच्या राष्ट्रीय तपासणीत प्रौढ रुग्णांपैकी फक्त 19 टक्क्यांची काळजी चांगल्या दर्जाची आढळली. त्या देशात मार्गदर्शक तत्त्वं होती, अभ्यासक्रम होते, अनेक ठिकाणी टीमचे बोर्डही होते. बोर्ड लावून आणि अभ्यासक्रम काढून काम होत असतं तर तो आकडा 19 नसता. म्हणून केवळ ‘टीम नेमा’ म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही.

मग जिल्ह्याच्या ठिकाणी, जिथे शिकवणारं कोणी नाही, तिथे काय? संजीव अरोरा नावाच्या भारतीय वंशाच्या डॉक्टरांनी 2003 साली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत हिपॅटायटिस सीसाठी एक साधी रीत सुरू केली. गावातल्या डॉक्टरांनी दर आठवड्याला व्हिडिओवर आपापले पेशंट मांडायचे, विद्यापीठातल्या तज्ज्ञांनी आणि एकमेकांनी त्यावर बोलायचं. व्याख्यान छोटं, केस मोठी. 2011 साली निकाल प्रसिद्ध झाले: विद्यापीठात उपचार घेतलेल्यांपैकी 57.5 टक्के बरे झाले, गावांत आणि तुरुंगांत उपचार घेतलेल्यांपैकी 58.2 टक्के. आपल्याकडे नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ हे करू शकतं, मोठी मेडिकल कॉलेजं करू शकतात. फक्त कॅमेऱ्यासमोर एकटी डायटिशियन बसलेली नको. सिस्टर, रेसिडेंट आणि किचनचा माणूस तिच्या शेजारी हवा. आणि दर वर्षी नूतनीकरणाच्या वेळी कौन्सिलने विचारावं: तुमच्या वॉर्डात महिन्यातल्या एका ठरलेल्या दिवशी किती लिहिलं आणि किती गेलं, ते दाखवा. आकडा वाईट असला तरी चालेल. पण आकडा असावा. खोटे आकडे भरले जातील, हे मला माहीत आहे. खोट्या सह्याही भरल्या जातातच. निदान खोटा आकडा भरताना माणसाला पेशंटच्या खाटेपर्यंत जावं तरी लागतं.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, जी परदेशी पुस्तकांत नसते. आपल्या रुग्णालयात मोठे सर बोलले की बाकीचे गप्प. सिस्टरला माहीत असतं की फीड गेलेलं नाही, पण राउंडला ‘फीड चालू आहे ना?’ असं विचारलं की ती ‘हो सर’ म्हणते. मावशींना तर कोणी विचारतच नाही. मी ज्या रुग्णालयात पूर्वी होते तिथे आम्ही काही महिने दर गुरुवारी असं एकत्र बसायचा प्रयोग केला होता. पहिल्या दोन गुरुवारी रेसिडेंट बोलले आणि मी बोलले. तिसऱ्या गुरुवारी मी मावशींना विचारलं की फीडमध्ये पाणी का घालता, आणि त्यांनी सांगितलं की महाराज संध्याकाळचं फीड दुपारीच करून ठेवतात, गार झालं की ते घट्ट होतं, मग काय करणार? सहा महिने मी त्या फीडच्या कॅलरी मोजत होते, आणि ते कधी बनतं हे मला माहीत नव्हतं.

त्याच दिवशी उठता उठता मावशींनी विचारलं, ‘मॅडम, ती एनबीएमची पाटी काढायची कोणी? ऑपरेशन रद्द झालं तरी पेशंट संध्याकाळपर्यंत उपाशी असतो.’ रेसिडेंटने सिस्टरकडे बघितलं, सिस्टरने माझ्याकडे. पाटी लावायची कोणी, हे सगळ्यांना माहीत होतं. अर्धा तास त्यावरच गेला. शेवटी ठरलं की ऑपरेशन रद्द झाल्याचा फोन ज्याने घेतला त्याने पाटी काढायची आणि लगेच किचनला कळवायचं. फोन बहुतेक वेळा मावशीच घ्यायच्या.